कॅनडा जिंकायला निघालेला माणूस आणि होल्ट काउंटी

मित्रहो, अमेरिकेतले आयरिश म्हटलं की आपल्याला न्यूयॉर्क, बॉस्टन, शिकागो आठवतं. गोदीतले हमाल, पोलीस, रेल्वेचे मजूर. ते बरोबरच आहे, बहुसंख्य आयरिश शहरांतच राहिले. मला मात्र आज तुम्हाला नेब्रास्का राज्याच्या उत्तरेला न्यायचं आहे, होल्ट काउंटीत. क्षेत्रफळ सुमारे सहा हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या रायगड जिल्ह्याहून थोडं कमी. एल्कहॉर्न नदी, गवत, पश्चिमेला वाळूच्या टेकड्या आणि मधोमध ओनील नावाचं गाव.

हे नाव जॉन ओनील यांचं. 1834 साली आयर्लंडच्या मोनॅहन परगण्यात जन्म. बटाट्याचं पीक कुजलं, दुष्काळ पडला, दहा लाखांवर माणसं मेली आणि तितकीच देश सोडून गेली, त्या वर्षांत हा मुलगा अमेरिकेत आला. पुढे यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने लढला आणि मग फेनियन झाला, म्हणजे आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या क्रांतिकारी संघटनेत गेला. आयर्लंड इंग्रजांच्या हातून सोडवायचं, तर त्यांच्या ताब्यातल्या कॅनडावर हल्ला करायचा, असं त्यांच्यातल्या एका गटाचं गणित होतं. 1866 च्या जूनमध्ये कॅनडातल्या रिजवेला ओनीलच्या तुकडीने लढाई जिंकलीसुद्धा. पण अमेरिकी सरकारने मागची रसद आणि कुमक अडवली, परतावं लागलं. 1870 ला पुन्हा प्रयत्न केला, त्यात अटक झाली. 1871 ला आणखी एकदा, तोही फसला.

आणि मग हा सेनानी पेनसिल्व्हेनियातल्या कोळसा खाणींच्या गावांतून व्याख्यानं देत फिरू लागला. सांगणं एकच: खाणीतून बाहेर या, जमीन घ्या.

‘जमीन घ्या’ हे शब्द त्या माणसांना कसे ऐकू आले असतील, ते आपल्याला नीट कळू शकतं, कारण आपल्याकडे ‘कूळ’ हा शब्द आहे. आयर्लंडमधले बहुतेक शेतकरी कुळं होते. खंड थकला की जमीनदार घरावरचं छप्पर उतरवून कुटुंबाला रस्त्यावर काढी. आणि इथे 1862 च्या होमस्टेड कायद्याने 160 एकर मिळत होते. नाममात्र फी भरा, घर बांधा, पाच वर्षं राहून जमीन कसा, की ती तुमची. अजून नागरिक नसाल तर नागरिक होण्याचा इरादा लिहून द्यायचा. त्या कागदात जुन्या राजसत्तेवरची निष्ठा सोडावी लागे, म्हणजे आयरिश माणसाने व्हिक्टोरिया राणीवरची. तो कागद करताना त्यांना काय वाटलं असेल, याचा मी पुष्कळदा विचार करतो.

1874 च्या मे महिन्यात पहिली तुकडी पोचली: 13 पुरुष, 2 बायका, 5 मुलं. झाडं जवळजवळ नव्हतीच. मुळांसकट गवताच्या ढेपा कापून त्यांच्या भिंती रचल्या आणि सगळे त्या एका घरात राहिले. त्याला त्यांनी नाव दिलं ‘ग्रँड सेंट्रल हॉटेल’. या माळरानावर जळणाला पिळलेलं गवत आणि रानशेण्या. त्याच उन्हाळ्यात टोळधाड आली आणि उभं पीक गेलं. काही जण परत फिरले. ओनील मात्र दरवर्षी नवी माणसं आणत राहिला.

टोळांइतकाच मोठा शत्रू होता एकटेपणा. आयर्लंडच्या पश्चिमेत घराला घर लागून असे, शेत कुदळीने खणण्याएवढं. इथे 160 एकर म्हणजे अर्धा मैल लांब आणि अर्धा मैल रुंद तुकडा, शेजाऱ्याचा दिवा दिसला तर दिसला. मिनेसोटा राज्यात ग्रेसव्हिलला 1880 मध्ये पश्चिम आयर्लंडमधल्या कॉनेमाराच्या गरीब कुटुंबांना असंच नेऊन बसवलं. हाती भांडवल नाही, गव्हाच्या शेतीचा अनुभव नाही, आणि आला तो भयंकर हिवाळा. त्यातली बरीच माणसं शेवटी सेंट पॉल शहरात मजुरीला गेली. ओनीलने ही अडचण ओळखली होती, असं मला वाटतं. सुटी कुटुंबं न आणता त्याने गटच्या गट आणले, मध्ये गाव वसवलं. म्हणून तिथे माणसं टिकली. 1881 मध्ये रेल्वे आली. ते बघायला ओनील नव्हता. 1878 च्या जानेवारीत नेब्रास्कातल्याच ओमाहा शहरात तो वारला, वय अवघं 43.

पण ती जमीन रिकामी नव्हती, आणि हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. होल्ट काउंटीच्या उत्तर सीमेवर नायब्रारा नदी आहे. ती पूर्वेला मिसूरीला मिळते, तिथे पोंका या मूळनिवासी लोकांची वस्ती होती. सरकारने 1868 च्या एका तहात त्यांची जमीन चुकून सू या दुसऱ्या मूळनिवासी लोकांना देऊन टाकली आणि 1877 मध्ये, ओनील माणसं आणत होता त्याच काळात, पोंकांना दक्षिणेला हाकललं. तिथे आजाराने आणि उपासमारीने माणसं मरत गेली. स्टँडिंग बेअर या त्यांच्या प्रमुखाचा मुलगा गेला. मला नायब्राराकाठी पुरा, एवढंच त्याने मागितलं होतं. 1879 च्या जानेवारीत बाप मुलाच्या अस्थी घेऊन निघाला, सोबत जेमतेम तीस माणसं. सैन्याने त्यांना अडवलं. खटला ओमाहात चालला आणि मे महिन्यात न्यायाधीश डंडी यांनी निकाल दिला की कायद्याच्या दृष्टीने ‘इंडियन’, म्हणजे अमेरिकेतला मूळनिवासी, हीसुद्धा व्यक्ती आहे.

छप्पर उतरवून हाकललेल्यांना जिथे जमीन मिळाली, तिथून थोड्याच अंतरावर दुसऱ्या कुणाला हाकललं जात होतं. आयरिशांनी पोंकांना हाकललं नाही, ते सरकारने केलं. तरी मला हे दोन्ही एकाच श्वासात सांगावंसं वाटतं.

ओनील गावात आज एका चौकात रस्त्यावर भलं मोठं हिरवं शॅमरॉकचं, म्हणजे आयर्लंडचं चिन्ह असलेलं तीन पाकळ्यांचं, पान रंगवलेलं आहे. जॉन ओनीलची कबर मात्र तिथे नाही, ती ओमाहात आहे. 1919 मध्ये आयरिश नेते एमॉन डी व्हॅलेरा स्वातंत्र्यासाठी पाठिंबा मिळवत अमेरिकाभर फिरत होते. वाट वाकडी करून ते त्या कबरीपाशी आले आणि तिथल्या स्मारकाचं अनावरण करून गेले.