घाटाखालचा इतिहास

कोल्हापुरात कुणी इतिहासात संशोधन करतंय म्हटलं, की लोक विचारतात, शिवकाल की शाहूकाल? इथं इतिहास शिकवणाऱ्या या मॅडमचं उत्तर वेगळं असतं: सोळाव्या-सतराव्या शतकातला कॅथलिक धर्म. पुढचा प्रश्न ठरलेला. मग तुम्ही ख्रिश्चन काय?

या शहराला ओळखीचे ख्रिस्ती म्हणजे १८५२ साली आलेले मिशनरी वायल्डर आणि त्यांचं अमेरिकन मिशन. ते प्रोटेस्टंट. मॅडमचा मुलूख आंबोली घाटाच्या खाली, गोव्यात.

वर्षभर तास, पेपर तपासणी, नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फायली. सुट्टी लागली की पणजीचं पुराभिलेखागार. त्यासाठी आधी पोर्तुगीज शिकावी लागली, मग जुन्या लिखावटीचं वळण, मग कामापुरती लॅटिन. मोडी लावून वाचणाऱ्याला ही चिकाटी माहीत आहे. एकेका पानावर दिवस जातो.

त्या पानांत पुन्हा पुन्हा येतं साष्टी, मुंबईजवळचं नव्हे, दक्षिण गोव्यातलं. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाचा न्याय करणारं चर्चचं न्यायालय, आलं. १५६७ साली राशोलच्या किल्लेदारानं साष्टीतली देवळं पाडली. १५८३ साली कुंकळ्ळीच्या लोकांनी पाच जेझुइट, म्हणजे येशूसंघाचे कॅथलिक धर्मप्रसारक, मारले. नंतर तिथल्या गावप्रमुखांना बोलणी करायची म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि ठार केलं.

आणि त्याच राशोलला, १६१६ साली, फादर थॉमस स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण, येशूची कथा सांगणारं काव्य, छापून झालं. इंग्लंडात जन्मलेला हा जेझुइट १५७९ साली गोव्यात आला होता. जवळपास अकरा हजार ओव्या, मराठीत! छपाई मात्र रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे तिथं नव्हते.

व्याख्यानाला आलेल्या काहींना फक्त इन्क्विझिशन ऐकायचं असतं, काहींना फक्त फादरचं मराठीप्रेम. मॅडम दोन्ही सोडत नाहीत, आणि आम्हाला ते मोलाचं वाटतं. पुराणाच्या सुरुवातीलाच एक बाटलेला ब्राह्मण पाद्रीला म्हणतो, आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरं काही द्या. म्हणजे ही ओवी त्या बंदीतूनच आली. बंदी वगळली तर ग्रंथ का लिहिला गेला ते कळत नाही, आणि ग्रंथ वगळला तर बाटलेली माणसं काय मागत होती ते ऐकू येत नाही. लिस्बन-रोमला गेलेल्या पाद्र्यांच्या पत्रांत त्यांचा आवाज फार क्षीण आहे. तो ऐकायला एकनाथांच्या ओवीवर वाढलेला कान लागतो, आणि असे कान आपल्याकडे आहेत.

सतराव्या शतकातल्या छापील आवृत्तीची एकही प्रत आज हाताशी नाही. लोकांनी हातानं नकला करून पुराण जपलं, त्यावरून १९०७ साली मंगळूरची आवृत्ती निघाली. लंडनमध्ये एक देवनागरी हस्तलिखितही आहे. सध्या मॅडम ही दोन्ही ओवी-ओवीनं ताडून पाहतायत. त्यांचा एक विद्यार्थी पोर्तुगीज शिकू लागलाय. त्यानं विषय घेतलाय साष्टीतल्या गावकऱ्यांच्या जमिनींचा.