शेंड्याला हात लावू नका

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय छापलाय ‘घरातील शोभेचे पाम : वाढ व प्रसार यांचे व्यवस्थापन’. हे नाव मंडळाने दिलंय. मी फोनवर ‘पाम आवरायचे कसे’ एवढंच म्हटलं होतं. असो. ज्यांना लवकर निघायचंय त्यांच्यासाठी सार आधीच सांगून टाकते : पामच्या शेंड्याला हात लावायचा नाही, जे काय करायचं ते बुडख्याशी. एवढं ऐकून घरी गेलात तरी चालेल. पुढचा वेळ मी माझ्या समाधानासाठी बोलणार आहे.

किती जणांकडे अरेका पाम आहे? हात वर करा बघू. म्हणजे जवळजवळ सगळ्यांकडेच. आणि ‘हवा शुद्ध करतो’ म्हणून कितीजणांनी घेतला? लाजू नका. ही कीर्ती सुरू झाली १९८९ च्या नासाच्या अभ्यासावरून. त्यात झाडं ठेवली होती छोट्या हवाबंद पेट्यांमध्ये. आपल्या घराला खिडक्या असतात, दारं असतात, दाराशी कुरिअरवाला असतो. २०१९ साली दोन संशोधकांनी तोवरचे असे प्रयोग एकत्र तपासले आणि हिशोब मांडला. एरवी हवा खेळती राहून घर जेवढं स्वच्छ होतं, तेवढं काम झाडांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला १० पासून १,००० पर्यंत झाडं लागतील. म्हणजे हॉलमध्ये पाम राहतील आणि तुम्ही जिन्यात. दिसतो छान म्हणून ठेवा, माझं काही म्हणणं नाही. फक्त तो मूळचा मादागास्करचा आहे, जमिनीत लावला की वीस-पंचवीस फूट जातो आणि बाजूला फुटवे काढत रुंदावतो, हे विकत घेताना कोणी सांगत नाही.

आता आमच्या सोसायटीची गोष्ट. नाव सांगत नाही, कारण मला तिथेच राहायचंय. बिल्डरने फाटकापासून आतपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रॉयल पाम लावले होते. माहितीपत्रकातल्या चित्रात होते ना, म्हणून. चित्रात त्यांच्याखाली कोणी गाडी लावलेली नव्हती. रॉयल पाम म्हणजे क्युबाचं राष्ट्रीय झाड, साठ-सत्तर फूट सहज उंच होतो. त्याची झावळी दहा-बारा फुटांची, आणि तिचा देठाकडचा भाग खोडाला हिरव्या, गुळगुळीत वेष्टनासारखा गुंडाळलेला. कोकणातल्या मंडळींनी पोफळीची विरी पाहिली असेल, त्याच जातीचा प्रकार, पण अवाढव्य. अख्खी झावळी वीस किलोपर्यंत भरू शकते. महिन्याला साधारण एक झावळी हा गडी आपणहून खाली टाकतो. स्वतःची साफसफाई स्वतः करणारं झाड आहे हे, माळ्याची गरजच नाही. वेळ मात्र विचारून पडत नाही.

तर एक झावळी सेक्रेटरींच्या गाडीच्या टपावर पडली. इतरांच्या गाड्यांवर पडत होती तोवर तो निसर्ग होता. आता तातडीची सभा बोलावली गेली. ठराव काय, तर पावसाळ्यापूर्वी सर्व पामांची ‘एकसमान उंचीवर छाटणी’ करावी. सूचक, अनुमोदक, टाळ्या. मी उठून म्हटलं, छाटणी म्हणजे नक्की कुठून? तर म्हणाले, दुसऱ्या मजल्याच्या रेषेत, म्हणजे फाटकातून सगळे सारखे दिसतील. मी म्हटलं, मरतील. त्यावर उत्तर आलं, “मॅडम, गुलमोहर नाही का फुटला मागच्या वर्षी? तुम्ही कॉलेजात शिकवलंत, हे प्रॅक्टिकल आहे.” मी बरीच वर्षं वनस्पतीशास्त्राची प्रॅक्टिकलंच घेतली आहेत, पण तिथे मतदान नसायचं.

मे महिन्यात कंत्राटदार आला, शिडी लावली, आणि संध्याकाळपर्यंत रस्त्याच्या दुतर्फा करडे खांब उभे. सगळे अगदी एका रेषेत, ते खरं. मग वाट बघणं सुरू झालं. पाऊस आला, गेला. गणपती झाले. कोणी बुंध्याशी शेणखत घातलं, कोणी पाणी घालायची पाळी लावली. दिवाळीत ‘तोवर उपयोग तरी करू’ म्हणून खांबाखांबाला दिव्यांच्या माळा गुंडाळल्या. इंटरनेटवाल्याने कोणाला न विचारता दोन खांबांवरून वायर नेली. पुढच्या वर्षी एका खांबाच्या डोक्यात पोपटांनी ढोली केली. आता खांब काढायचा विषय निघाला की पक्षीप्रेमी सभासद आडवे पडतात, आणि खरं सांगायचं तर त्यांच्यात मी पुढे असते. आणि कळस ऐका. उरलेल्या जागी नवी झाडं लावायची ठरली. टेम्पो आला. मी गॅलरीतून बघतेय. उतरवली कोणती झाडं? रॉयल पाम. विक्रेता म्हणाला म्हणे, ‘या वेळचे कमी वाढणारे आहेत.’

हसा, पण तो प्रश्न रास्त होता. गुलमोहर फुटतो तर पाम का नाही? गुलमोहराच्या सालीखाली खोडभर झोपलेले डोळे असतात, वरून तोडला की ते जागे होतात. शिवाय सालीच्या आत वाढीचा एक पातळ थर असतो, त्याने खोड वर्षागणिक जाड होतं आणि जखमाही हळूहळू भरून निघतात. पाम हा गवत, बांबू, केळ यांचा लांबचा नातेवाईक. त्याच्याकडे तो थरच नाही. खोडाची जाडी तो खाली असतानाच ठरवून घेतो आणि मग नुसता वर निघतो. सगळी नवी पानं एकाच जागेतून येतात, शेंड्यातल्या कोंबातून. पाम म्हणजे एकखांबी तंबू. कोंब गेला की खाली कितीही हिरवं दिसो, झाड संपलं. कोकणात हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं, माडाचा कोंब काढला की माड गेला. शहरात येताना ही अक्कल घाटात कुठेतरी सांडते.

जखम भरत नाही याचा दुसरा अर्थ, पामला ठोकलेला खिळा कायमचा. ‘श्रमसाफल्य’ची पाटी ठोकणाऱ्यांनी लक्षात घ्या. आणि काट्यांचे बूट घालून चढणाऱ्या माणसाला पामवर चढू देऊ नका. त्याने पाडलेली भोकं शेवटपर्यंत राहतात, पाणी शिरतं, मग कीड.

इथे जरा भेरली माडाबद्दल बोलल्याशिवाय मला राहवत नाही. माशाच्या शेपटीसारखी पानं असलेला, आपल्या सह्याद्रीतला, गोव्यातला. हल्ली बंगल्यांच्या अंगणात ‘फिशटेल’ म्हणून मिरवतो. कित्येक वर्षं नुसता वाढतो. मग एक दिवस वरच्या टोकाशी लांब लोंबता तुरा येतो. दुसरा तुरा त्याच्या खाली, तिसरा त्याच्याही खाली, असा फुलोरा वरून खाली उतरत येतो, आणि शेवटचा तुरा संपला की झाड वाळतं. त्याचा धर्मच तो, आयुष्यात एकदा फुलायचं. लोक मला फोन करतात, “मॅडम, आमच्या पामला रोग लागलाय, कुठलं औषध मारू?” औषध नाही. त्याची कृतकृत्य होण्याची वेळ आली आहे, तुम्ही गाडी दुसरीकडे लावायला सुरुवात करा. त्याची पिकलेली फळं मात्र उघड्या हाताने उचलू नका, गरात सुईसारखे स्फटिक असतात, खाजवून जीव जातो. उदमांजराला मात्र ती गोड लागतात. तो खातो, बिया लांब टाकतो, आणि तीन घरं पलीकडच्या माणसाला वाटतं आपल्या कुंपणात आपोआप पाम उगवला. भाग्य म्हणतो तो. एका खोडाऐवजी बेट करणारा याचा एक परदेशी भाऊ नर्सरीत मिळतो. त्यातलं एखादं खोड फुलून मेलं तरी बेट जगतं.

चिठ्ठी आलीय. ‘दहा मिनिटं.’ खाली ‘चहा तयार आहे’ असंही लिहिलंय. म्हणजे कबूल केलेला विषय आता सुरू करायला हवा. भराभर घेते.

आधी तुमच्याकडे बेट आहे की एकच खोड, ते पाहा. रॉयल, फॉक्सटेल, बॉटल ही एकखोडी मंडळी. यांची उंची तुम्ही ठरवू शकत नाही, ती विकत घेतानाच ठरलेली असते. फॉक्सटेल तीसेक फूट जातो, बॉटल पाम दहा-बारावर थांबतो. वर विजेची तार किंवा सज्जा असेल तर बॉटल घ्या किंवा काहीच घेऊ नका. अरेका, बांबू पाम, ऱ्हापिस (म्हणजे लेडी पाम) ही बेटं. इथे उंची आवरता येते, पण वरून नाही. सगळ्यात उंच खोड निवडायचं आणि जमिनीलगत करवतीने कापायचं. ते परत फुटत नाही, पण त्याच्या जागी उजेड शिरतो आणि खालचे बुटके फुटवे वर येतात. वर्षाला एक-दोन खोडं अशी काढत राहिलात तर अरेका छताला कधी लागत नाही. फुटवे फार झाले तर बारीक असतानाच मातीतून उपसून काढा. पाच-सहा खोडांचं बेट मोकळं आणि देखणं दिसतं.

नर्सरीतल्या अरेकाच्या कुंडीत बहुधा एक झाड नसतंच. दाट दिसावं म्हणून दहा-पंधरा रोपं एकत्र लावलेली असतात. ती एकमेकांना मारतात आणि तुम्ही पाणी वाढवत बसता. आणल्या आणल्या निम्मी अलगद वेगळी करून शेजाऱ्यांना द्या. ऱ्हापिस मातीखालून आडवा पसरतो, त्याचा गड्डा पावसाळ्याच्या तोंडावर धारदार कुदळीने दोन भागांत तोडला तरी बिनतक्रार जगतो, फक्त प्रत्येक भागाला स्वतःची मुळं हवीत. अरेकाचं बेट असं तोडलं तर तो महिनोन् महिने रुसतो, म्हणून त्याला विरळ करणंच बरं. कुंडी एकदम मोठी देऊ नका. मुळांना जागा थोडी कमी पडली की वाढ आपसूक मंदावते, आणि घरातल्या पामला ते सोसतं. कुंडीतला पाम मुळांच्या रेट्याने वर उचलला जातो, तेव्हा खोडाभोवती माती चढवू नका, बुडखा कुजतो.

बियांचा पसारा. मकार्थर पामची लाल फळं बुलबुल नेतात, चिनी पंखा पामची कोकीळही गिळते. उपाय एकच, फळं पिकायच्या आत तुरा कापून टाका. तुरा कापल्याने झाडाला काही होत नाही. उगवलेली रोपं पहिल्या पानाला थेट गवतासारखी दिसतात, म्हणून राहून जातात. पंखा पामचं आणि शिंदीच्या जातीचं बी आधी कोंब खोल खाली ढकलतं आणि मग पान वर काढतं. नुसतं ओढलंत तर पान हातात येतं आणि कोंब खाली मजेत राहतो. माती ओली असताना खुरप्याने खोल खणा.

हिरवी झावळी कापू नका. झावळ्या जिथून फुटतात तिथून मनात एक आडवी रेषा ओढा, तिच्या वर जे आहे त्याला तर अजिबात हात लावायचा नाही. खालची पानं पिवळी, नारिंगी ठिपक्यांची होतात तेव्हा बहुधा पोटॅश कमी पडलेलं असतं, आणि झाड जुन्या पानातलं पोटॅश नव्या पानाला पुरवत असतं. ती पानं कापलीत की झाड पुढच्या पानातून काढायला लागतं. पूर्ण वाळली की काढा. ठिपक्यांची पानं परत हिरवी होत नाहीत, खत घातल्यावर नवी चांगली येतात. अरेकाचे देठ मात्र उन्हात मुळातच पिवळे असतात, त्यासाठी मला फोन नको.

ताज्या जखमेच्या वासाने झाड पोखरणारा सोंड्या भुंगा येतो, हे नारळवाल्यांना विचारा. गेंड्या भुंगा शेंड्यात भोक पाडतो, आणि मग नव्या झावळ्या कात्रीने त्रिकोणी कापल्यासारख्या उघडतात. त्याची अळी कुजक्या शेणखतात वाढते, म्हणून खताचा ढीग पामशेजारी ठेवू नका.

जमिनीतला मोठा पाम काढायचाच असेल तर शहरात महाराष्ट्राच्या १९७५ च्या झाडं जपण्याच्या कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, बंगला तुमचा असला तरी. पामसारखा दिसणारा सायकस हा पाम नाही, त्याच्याबद्दल वेगळं बोलावं लागेल. घरात कुत्रा असेल तर एवढंच, त्याच्या बिया विषारी असतात, खाली पडू देऊ नका.

दुसरी चिठ्ठी आली, ती न वाचताही कळली. बाहेर पायरीशी अरेकाची एक गच्च कुंडी ठेवली आहे, चहा घेता घेता ती विरळ करून दाखवते. रोपं ज्यांना हवीत त्यांनी पिशवी पुढे करावी. छताला लागलेल्या पामचा प्रश्न घेऊन जे गृहस्थ मघापासून हात वर करून बसलेत, त्यांनी आधी यावं, आणि येताना खोडं किती आहेत ते आठवून यावं.