वाळवंटासाठी छोटा तंबू: गुडघ्याखाली कापड, गुडघ्याच्या वर हवा

नमस्कार मंडळी.

हा माझ्या मागे उभा आहे तो दोन माणसांचा तंबू. म्हणजे बनवणाऱ्याच्या हिशेबानं दोन. माझ्या हिशेबानं एक माणूस, त्याची सॅक आणि त्याचे बूट. आज याच्याबद्दल बोलायचंय. छोटा तंबू वाळवंटात न्यायचा तर कुठला घ्यायचा, आणि घरी बसून त्याच्यावर काय काय उद्योग करायचे.

पहिल्यांदा वाळवंटात मुक्कामाला गेले तेव्हा माझ्याकडे डोंगरात वापरलेला, चांगला भरवशाचा तंबू होता. आतली खोली, म्हणजे बाहेरच्या कापडाखाली टांगलेला झोपायचा भाग, जवळजवळ सगळी जाळीची. हलका, हवेशीर, मस्त. रात्री वारा सुटला. तंबू पडला नाही, फाटला नाही, एक खुंटी उपटली नाही. मी मनातल्या मनात त्याची पाठ थोपटून झोपले. पहाटे जाग आली ती दातांत कचकच होऊन. पापण्यांवर थर, कानात वाळू, आणि स्लीपिंग बॅगेवर कुणीतरी रात्रभर बसून पीठ चाळल्यासारखी एकसारखी पांढुरकी रेती.

चाळल्यासारखी म्हणाले, कारण झालं होतं तेच. ही जाळी बघा. (कॅमेरा जवळ.) चिलटंसुद्धा अडवणारी, बारीकातली बारीक जाळी आहे ही. तरी हिचं भोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. टेकाडावरच्या वाळूचा कण असतो साधारण ०.१ ते ०.३ मिलिमीटर. म्हणजे बाहेरचं कापड आणि जमीन यांच्यामधल्या फटीतून वाळू आत घुसली, जाळीवर आपटली, आणि एखादा जाडा कण बाहेर राहून बाकी सगळी माझ्या तोंडावर पडली. चाळणीखाली डोकं ठेवून झोपले होते मी.

तेव्हा पहिली गोष्ट. वाळवंट म्हटलं की लोक उन्हाचा विचार करतात आणि जास्तीत जास्त जाळीचा, हवेशीर तंबू शोधायला लागतात. पण भर दुपारी तंबूत कोण बसतंय? कुठलाही छोटा तंबू दुपारी भट्टीच असतो, जाळी असो नाहीतर नसो. इराणमधल्या दश्त-ए-लूत वाळवंटात २००५ साली जमिनीच्या पृष्ठभागाचं तापमान उपग्रहानं ७०.७ अंश सेल्सिअस मोजलं होतं. अशा जमिनीवर तुम्ही कापडाची पेटी मांडून आत बसणार, आणि जाळी तुम्हाला वाचवणार? दुपारसाठी सावली वेगळी करायची, त्यावर येते नंतर. तंबू रात्रीसाठी. आणि रात्री गाठ वाऱ्याशी आणि वाळूशी असते.

आता वाळू उडते कशी ते बघू, कारण पुढचं सगळं त्यावर बेतलेलं आहे. राल्फ बॅग्नोल्ड नावाचा एक ब्रिटिश लष्करी इंजिनिअर होता. १९२० आणि ३० च्या दशकांत तो मोटारी घेऊन लिबियाच्या वाळवंटात भटकला, आणि मग मायदेशी परतून वाऱ्याचा बोगदा बांधून त्यात वाळू उडवत बसला. हौस म्हणजे हौस. त्याच्या कामातून जे स्पष्ट झालं ते असं, की वाळू धुरासारखी तरंगत नाही, ती उड्या मारते. कण उचलला जातो, वाऱ्याबरोबर थोडा पुढे जातो, खाली आपटतो, आपटताना आणखी दोन-चार कणांना उडवतो. आणि या उड्या बुटक्या असतात. बहुतेक सगळी वाळू गुडघ्याच्या खालून वाहते. कधी कधी तर आपलं डोकं-खांदे बऱ्यापैकी स्वच्छ हवेत असतात आणि पोटऱ्यांना मात्र सुया टोचत असतात. खडीच्या टणक जमिनीवर कण जास्त उंच उसळतात, मऊ वाळूवर कमी. धूळ ही वेगळी चीज आहे. ती वर तरंगते, कुठूनही येते, आणि तिचा पूर्ण बंदोबस्त मला आजवर जमलेला नाही.

बुटका तंबू वाऱ्याच्या दृष्टीनं चांगला, कारण जमिनीलगत वारा कमी. पण वाळूच्या दृष्टीनं तो बरोब्बर तिच्या रस्त्यात बसलेला असतो. म्हणून छोटा तंबू निवडताना मी एकच गोष्ट आधी बघते. गुडघ्याखाली सलग कापड आहे का, आणि हवा खेळायची भोकं गुडघ्याच्या वर आहेत का. बाकी रंग, खिसे, दिवा अडकवायची कडी वगैरे नंतर.

सलग कापडाची आतली खोली असलेले तंबू मिळतात, बहुतेकदा थंडीसाठी म्हणून विकले जातात. तेच घ्या. दुसरा पर्याय म्हणजे एकाच कापडाचा, मध्ये एक खांब असलेला पिरॅमिड. डोंगरात, दमट हवेत एकेरी कापडाचा तंबू म्हणजे रात्रभर डोक्यावर टपटप, कारण श्वासाची वाफ कापडाला धरते. वाळवंटात हवा इतकी कोरडी असते की हा त्रास बहुतेक वेळा होतच नाही. अपवाद समुद्रालगतच्या वाळवंटांचा. आफ्रिकेतल्या नामिब किंवा दक्षिण अमेरिकेतल्या अटाकामा वाळवंटाच्या किनारपट्टीवर धुकं असं येतं की सकाळी तंबू पिळून काढावा लागेल. तिथे दुहेरी कापडच बरं.

कापड शक्यतो पॉलिस्टरचं. नायलॉन वजनाच्या मानानं मजबूत आहे, पण उन्हातल्या अतिनील किरणांनी लवकर कुजतं. पोल ॲल्युमिनियमचे. फायबरचा पोल ताण असह्य झाला की फुटतो आणि त्याची चिरफाळलेली टोकं कापड फाडतात. ॲल्युमिनियमचा बहुधा वाकतो, आणि वाकलेला पोल नळीचा तुकडा चढवून निभावता येतो. तो नळीचा तुकडा तंबूच्या पिशवीतच ठेवा. घरच्या कपाटात राहिलेला उपयोगाचा नाही, हे कसं कळलं ते विचारू नका.

आता समजा, जाळीचा तंबू आधीच घरात आहे. फेकू नका. हा माझा तोच पहिला तंबू. (आतली खोली उलगडून दाखवायची.) जाळीच्या खालच्या भागावर, तळाच्या शिवणीपासून साधारण ५० सेंटिमीटर उंचीपर्यंत, मी पातळ पण घट्ट विणीच्या पॉलिस्टरची पट्टी शिवली आहे. पाण्यासाठी लेप दिलेलं कापड घेतलं नाही, साधंच, म्हणजे थोडी हवा जाते. एक चूक पहिल्यांदा केली होती ती सांगते. पट्टी आतल्या बाजूनं लावली होती. वारा बाहेरून आला की पट्टी जाळीपासून सुटून शिडासारखी फुगायची आणि सगळा ताण शिवणीवर. मग उसवली आणि बाहेरून लावली. आता वारा आला की पट्टी जाळीवर चिकटून बसते, जाळीच तिला पाठीमागून आधार देते. दोरा पॉलिस्टरचा वापरा, सुती दोरा उन्हात टिकत नाही. आणि पट्टी शिवताना जाळी ताणू नका, नाहीतर तंबू उभा केल्यावर सगळीकडे चुण्या पडतात. माझ्या या कोपऱ्यात पडल्यात, बघा. चालतंय.

दुसरी शिलाई बाहेरच्या कापडाला. याच्या खालच्या काठाला २०-२५ सेंटिमीटरची झालर लावली आहे, घागऱ्याला असते तशी. ही झालर बाहेरच्या बाजूला जमिनीवर पसरायची आणि तिच्यावर वाळू ओढायची. फट बंद, आणि वाळूच्या वजनानं तंबूला पकडही मिळते. बर्फातल्या बऱ्याच तंबूंना ही असते. पण झालर लावली की वरची झडप, म्हणजे हवा जायची खिडकी, उघडी ठेवायलाच हवी. खालून-वरून दोन्हीकडून बंद करून आत झोपायचं नाही. आणि आत चूल पेटवायची नाही. वारा कितीही असो, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आता खुंट्या. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण लोक तंबूवर इतके पैसे घालतात आणि खुंट्या पिशवीत आल्या त्याच नेतात. (खुंटी दाखवत.) ही काडीसारखी खुंटी कोरड्या वाळूत म्हणजे दह्यात खोचलेली अगरबत्ती. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, तिप्पट झाला की नऊपट. संध्याकाळी झुळूक असताना जी खुंटी छान बसलेली वाटते, ती मध्यरात्री काय करेल ते यावरून ताडा. रुंद, पन्हळीसारखी वाळूची खुंटी मिळते, ती बरी. पण सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे पुरलेली पिशवी.

करायचं असं. जाड कापडाची छोटी पिशवी, हातरुमाल दुमडून शिवाल एवढी. तिच्यात वाळू भरा, तोंड बांधा. हातभर नाही, पण कोपरापर्यंत हात जाईल इतका खड्डा करा, म्हणजे ३०-४० सेंटिमीटर. पिशवी त्यात आडवी ठेवायची, तंबूकडून येणाऱ्या दोरीच्या दिशेला काटकोनात. आता खड्ड्यापासून तंबूच्या बाजूला बोटानं एक चिंचोळी चर ओढा आणि दोरी त्या चरीतून तिरकी बाहेर काढा. ही चर विसरलात तर दोरी खड्ड्याच्या काठावरून सरळ वर येते आणि पिशवीला वर उपसते. तिरकी आली की दोरी पिशवीला वाळूत आडवी खेचते. मग खड्डा बुजवायचा आणि पायानं तुडवायचा. नुसता थापटायचा नाही, वर उभं राहून तुडवायचा. शेवटची युक्ती: दोरी पिशवीला गाठ मारून पुरू नका. पिशवीभोवती फिरवून दोन्ही टोकं वर आणा आणि गाठ वर मारा. रात्री दोरी सैल पडली तर वरच्या वर ताणता येते, अंधारात उकरावं लागत नाही.

सगळ्या वाळवंटांत वाळू असते असंही नाही. अमेरिकेच्या नेवाडा राज्यातल्या ब्लॅक रॉकसारखं आटलेल्या तळ्याचं मैदान असेल तर जमीन फरशीसारखी टणक असते. तिथे लांब जाड स्क्रू यंत्रानं जमिनीत पिळतात. तिथली धूळ क्षारयुक्त, म्हणून परत आल्यावर तंबू धुताना पाण्यात थोडं व्हिनेगर घालतात. खडकाळ जागी मात्र दगड आणि दोरी, दुसरं काही नाही. दोरी दगडावर घासते तिथे कापडाचा तुकडा गुंडाळा.

जागा. वाळूवर ज्या बारीक लाटा उमटलेल्या असतात त्या वाऱ्याला आडव्या असतात. वाऱ्याकडची बाजू उताराची, पलीकडची जरा खडी. खाली वाकून बघितलं की अलीकडे वारा कुठून वाहिला ते कळतं. तंबूची अरुंद बाजू तिकडे, दार उलटीकडे. टेकाडाच्या पलीकडच्या खड्या उतारापाशी आडोसा मिळतो म्हणून मोहात पडू नका. वारा वाळू आणून टाकतो ती तिथेच. दोन टेकाडांमधली मोकळी सपाटी बरी. आणि कोरडा ओढा दिसला, कितीही गुळगुळीत, कितीही वारा अडणारा, तर तिथून उठायचं. पाऊस लांब कुठेतरी पडतो आणि पाण्याचा लोंढा मात्र तुमच्यापर्यंत येतो.

उभारताना आधी वाऱ्याकडची खुंटी, मग पोल. उलटं केलंत तर तुमच्या हातात तंबू नसून पतंग असेल. स्वतःच्या पायावर उभे राहणारे घुमटाकार तंबू तर गडगडत इतके लांब जातात की शेवटी माणूस पळायचं थांबवून नुसता बघत राहतो. सॅक आधी आत टाका.

सावलीचं राहिलं. चकचकीत बाजू असलेली ताडपत्री, तंबूच्या वर वीतभर अंतर सोडून. अंतर महत्त्वाचं. ताडपत्री तंबूला टेकली की उष्णता सरळ आत. आणि मुक्काम दोन-तीन दिवसांचा असेल तर दुपारी तंबू उतरवून गुंडाळून ठेवा, कापडाचं आयुष्य वाढतं. बेदुइन, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या अरब लोकांचा काळा तंबू बघितलात तर तो खरं म्हणजे मोठं छप्परच असतो. बकरीच्या केसांचं सैल विणलेलं कापड, बाजू हव्या तशा उघडायच्या-मिटायच्या. कोरडं असताना विणीतून हवा जाते, पावसात केस फुगून वीण मिटते. आपल्या पॉलिस्टरला हे जमत नाही.

आणि चेन. वाळवंटात तंबू मरतो तो बहुतेक वेळा चेनीनं. एक कण दात्यांत अडकतो, आपण ओढतो, रनर रुंदावतो, मग चेन मिटते आणि मागून उघडते. तेल कधीही लावू नका. तेलावर वाळू चिकटते आणि त्याचा कानस तयार होतो. जुना टूथब्रश, कोरडा. रोज सकाळी दोन मिनिटं. अडली तर मागे घ्यायची, झटकायची, पुन्हा. रनर सैल झाला असेल तर पकडीनं दोन्ही बाजूंनी अगदी हलकं दाबा, एक-दोन फेऱ्या त्यावरही निघतात. पोलच्या सांध्यांत फुंकर मारूनच ते जोडा, नाहीतर सुटता सुटत नाहीत.

घरी आल्यावर तंबू उलटा करून झाडायचा, घडीत राहिलेली वाळू पॉलिश पेपरसारखी लेप खरवडते. हा मी मागच्या खेपेला दोनदा झाडलाय. कोपरा वर धरते, बघा काय पडतंय ते. कॅमेरा जरा लांब घे रे, लेन्सवर जाईल.