गाडी बाहेर, बेंच आत
(लघुमाहितीपटाचं निवेदन)

[दृश्य: लांब तुळईवरून सरकणारं गोल चुंबक. एका जागी 'टक्' करून चिकटतं.]

हे चुंबक एका बिघडलेल्या स्पीकरमधून काढलेलं. आणि ही तुळई पुण्याच्या पेठेतल्या एका वाड्याची. वाडा उतरवला, माती-विटा ट्रकमधून गेल्या, लाकूड विकायला आलं. बारा फूट लांब, सात बाय पाच इंच, अस्सल सागवान. तिच्यातून एका निवृत्त कामगाराच्या, काकांच्या, गॅरेजात बेंच बनणार आहे, म्हणजे सुतारकाम करायचं टेबल. चुंबक चिकटलं की आत खिळा आहे असं समजायचं, खडूनं फुली मारायची आणि पुढे सरकायचं. एकही खिळा राहून चालत नाही. आरा मशीनच्या पात्याला खिळा लागला तर पातं जातं, म्हणून मशीनवाला जुन्या लाकडाला हात लावण्याआधी दहा वेळा विचारतो, "सगळे काढलेत ना?"

[दृश्य: सांडशीत धरलेला खिळा, अगदी जवळून.]

हा बघा. अंग चौकोनी, डोकं वेडंवाकडं. एखाद्या लोहारानं भट्टीवर ठोकून केलेला. त्याच्या भोवतीचं लाकूड काळं पडलंय, कारण लोखंड, ओल आणि लाकडातलं टॅनिन वर्षानुवर्षं एकमेकांत मुरलंय. बाकी तुळईला मात्र काही झालेलं नाही. सागाच्या अंगातच तेल असतं, त्यामुळे वाळवी सहसा तिच्या वाटेला जात नाही. त्याच लाकडात सिलिकाही असते, म्हणजे वाळूतलं कठीण द्रव्य, त्यामुळे हत्यारांची धार पटापट जाते. या लाकडावर काम करायचं तर निम्मा वेळ धारेच्या दगडावर जातो.

[दृश्य: निगडी प्राधिकरणातली गल्ली. झाडं, बैठे बंगले, एक शटर अर्धं वर.]

आपण निगडी प्राधिकरणात आहोत. 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन झाली. साठच्या दशकात मागोमाग मोटारी आल्या, स्कूटर आल्या, आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे भोसरी-चिंचवडचे असंख्य छोटे कारखाने आले. सातारा, सांगली, मराठवाडा, खानदेश, कोकण, सगळीकडून पोरं इथे कामाला लागली. त्यांनी राहायचं कुठे? म्हणून 1972 साली पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालं. 2021 मध्ये ते पीएमआरडीएत, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणात, विलीन झालं, पण पत्ता सांगताना इथला माणूस आजही 'प्राधिकरण' असंच सांगतो.

ज्यांना प्लॉट मिळाले त्यांनी पै-पै साठवून घरं बांधली, आणि पुढेमागे गाडी येईल म्हणून बाजूला गॅरेज काढून ठेवलं. गाडी यायला बऱ्याच घरांत वीस वर्षं लागली. तोवर गॅरेजात सायकली होत्या, गव्हाचं पिंप होतं आणि अडगळ होती.

[दृश्य: काका हातानं रंधा मारताहेत. पांढरा बनियन, चष्म्याला दोरी.]

काका आयटीआय झाले, एका मोठ्या कारखान्यात अप्रेंटिस म्हणून लागले आणि तिथल्याच टूलरूममधून निवृत्त झाले. टूलरूम म्हणजे कारखान्याच्या आतला कारखाना. ज्या डायवर गाडीचा पत्रा आकार घेतो ती डाय इथे बनते, ज्या फिक्स्चरमध्ये भाग घट्ट बसवून भोकं पाडतात ते फिक्स्चर इथे बनतं. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. काकांची नोकरी त्याच्या कितीतरी खालच्या आकड्यांत गेली. आज अशी माणसं या शहरात गल्लोगल्ली आहेत. सकाळी फिरायला जातात, बँकेत पासबुक भरून आणतात, आणि बाकीचा दिवस त्यांच्या हातांना काम नसतं. शहरानं या हातांचं काय करायचं ठरवलंय, हे कुठल्याही विकास आराखड्यात आम्हाला सापडलं नाही.

[दृश्य: चार फळ्या शेजारी शेजारी, शिकंज्यांत (क्लॅम्पमध्ये). मधून फेव्हिकॉल बाहेर येतंय.]

बारा फुटांची तुळई मधोमध तोडली, सहा-सहा फुटांचे दोन तुकडे झाले. प्रत्येक तुकडा उभा चिरला. झाल्या चार फळ्या. त्यांच्या कडा एकमेकींना इतक्या तंतोतंत भिडल्या पाहिजेत, की मधून उजेड दिसता कामा नये. फेव्हिकॉल लावायच्या आधी काका कडांवरून थिनरचा बोळा फिरवतात. सागाचं तेल पुसलं नाही तर चिकटलेलं पुढे कधीतरी सुटतं. मग शिकंजे. एक वरून, एक खालून, असे आलटून पालटून. सगळे एकाच बाजूनं आवळले तर बेंचचा माथा पुस्तकासारखा मिटायला लागतो.

[काकांचा आवाज:] "आवळायचं म्हणजे जीव काढायचा नाही. सगळा गोंद बाहेर आला तर आत राहणार काय?"

[दृश्य: काका वाकून, एक डोळा मिटून, दोन पट्ट्यांकडे बघताहेत.]

आता माथा सपाट करायचा. दोन सरळ पट्ट्या, एक या टोकाला आणि एक त्या टोकाला. डोळा खाली आणून बघायचं. दोन्हींच्या वरच्या कडा एका रेषेत आल्या तर माथ्याला पीळ नाही. इथे लांबची पट्टी डावीकडे उचललेली दिसतेय, म्हणजे तो कोपरा वर आहे. पेन्सिलीनं सगळ्या माथ्यावर रेघोट्या ओढायच्या आणि रंधा आधी आडवा मारायचा. जिथली रेघ गेली तिथे उंचवटा होता, जिथली राहिली तिथे खोलगट आहे. सगळ्या रेघा एकदमच जायला लागल्या की रंधा लाकडाच्या रेषेनं उभा वळवायचा.

हा आवाज ऐका. सुरुवातीचा खरखरीत, तुटक. आणि हा नंतरचा. रंध्याच्या तोंडातून निघालेलं सालपट आता अख्खं सहा फुटांचं येतंय.

गॅरेजभर सागाचा वास आहे. हा भुसा नाकाला आणि त्वचेला त्रास देतो, मास्क लावायला हवा.

[दृश्य: पायाच्या पोटातलं चौकोनी भोक. पटाशी. मोगर (लाकडी हातोडा).]

पाय वाड्याच्याच कडीपाटातल्या, म्हणजे लाकडी छतातल्या, कड्यांचे. पायाच्या पोटात चौकोनी भोक, आडव्या पट्टीच्या टोकाला त्याच मापाचं कुसू. कुसू भोकात बसल्यावर दोन्हींतून आरपार एक खुंटी जाते. पण दोन्हींची भोकं एका रेषेत पाडायची नाहीत. कुसवातलं भोक जवळपास दीड मिलिमीटर कुसवाच्या मुळाकडे सरकवून पाडायचं. मग बांबूची खुंटी ठोकत गेलं की ती स्वतःच थोडी वाकते आणि सांधा ओढून घट्ट बसवते. फेव्हिकॉल उद्या दगा देईल, खुंटी सहसा देत नाही.

दोन्ही टोकांच्या चौकटी अशा खुंट्यांनी कायमच्या बसवलेल्या. त्यांना जोडणाऱ्या लांब पट्ट्या मात्र बोल्टनं आवळलेल्या. का, ते पुढे येईल.

[दृश्य: काका सरळ उभे, हात खाली सोडलेला. नात जमिनीपासून टेप धरून माप घेतेय.]

बेंचची उंची किती, हा प्रश्न कुठल्या कोष्टकाला विचारायचा नसतो. सरळ उभं राहायचं, हात सैल सोडायचा, मुठीची हाडं जिथे येतात तिथपासून मनगटापर्यंतच्या टप्प्यात माथा यावा. रंधा मारताना अंगाचा भार वरून पडतो. बेंच उंच असला तर नुसते दंड दुखतात. काकांचं माप आलं 84 सेंटिमीटर. स्वयंपाकाचा ओटा बहुतेक घरांत याच्या आसपासच असतो, पण तो कोणाच्या हाताचं माप घेऊन बांधलेला नसतो, असं काकूंनी कॅमेऱ्यामागून सुनावलं. ते वाक्य आम्ही ठेवलंय.

[दृश्य: फरशीवर पाण्याचा थेंब शटरकडे ओघळतोय.]

गॅरेजच्या फरशीला उतार असतो. गाडी धुतलेलं पाणी बाहेर जावं म्हणून गवंडी तो मुद्दाम काढतो. म्हणजे चारही पाय सारखे कापले तर बेंच तिरका. माथ्यावर पाणसळ ठेवून, आखूड पडणाऱ्या पायांखाली चिपा सारून आधी बेंच पातळीत आणला. मग त्याच स्थितीत चारही पायांवर फरशीला समांतर रेघ मारली आणि तेवढंच कापलं. खाली रबराचे तुकडे. लाकूड थेट फरशीवर टेकलं तर पावसाळ्यात ओल ओढून घेतं.

पावसाळा माथ्यालाही सोडत नाही. दमट हवेत लाकूड रुंदीत फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. दोन फुटांच्या रुंदीत हा फरक काही मिलिमीटरचा. म्हणून माथा ज्या स्क्रूंनी खाली धरलाय त्यांची भोकं गोल नाहीत, लांबट आहेत. लाकडाला हलायला जागा ठेवायची. नाहीतर ते तडकून स्वतःची जागा करून घेतं.

[दृश्य: वेल्डिंगच्या ठिणग्या. लोखंडी चौकट. मग बेंच व्हाइस (काम पकडून धरणारा लोखंडी शिकंजा).]

समोरच्या भिंतीला दुसरा बेंच आहे, लोखंडी. आणि खरं सांगायचं तर काकांचा जीव याच्यात आहे. दोन इंची अँगलची चौकट, वर सहा मिलिमीटरची प्लेट. व्हाइस मधोमध बसवलेला नाही, बरोबर पायाच्या वर आहे. मधे बसवला असता तर प्रत्येक हातोड्याला प्लेट थरथरली असती. आणि त्याचा स्थिर जबडा बेंचच्या कडेच्या किंचित पुढे आलाय. तो आत राहिला तर लांब गज उभा धरताच येत नाही, खाली कडेला अडतो. हे अंतर बोटभरसुद्धा नाही. पण व्हाइस बसवून झाल्यावर हे लक्षात आलेली वर्कशॉपं आम्ही पाहिली आहेत.

[दृश्य: कोपर व्हाइसच्या जबड्यावर, मूठ हनुवटीखाली.]

ही विचारात पडल्याची पोझ नाही. आयटीआयतलं माप आहे. कोपर व्हाइसवर टेकवलं की मूठ हनुवटीला लागायला हवी. मग कानस मारताना हात जमिनीला समांतर चालतो.

[दृश्य: भिंतीवरची फळी. पान्हे, कानशी, गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार). प्रत्येकामागे रंगवलेली त्याची आकृती.]

ही सवय थेट टूलरूममधून आलेली. प्रत्येक हत्याराची सावली भिंतीवर रंगवलेली. संध्याकाळी एक नजर टाकली की काय जागेवर नाही ते कळतं. वर दोन ट्यूब, डावीकडून एक आणि उजवीकडून एक, म्हणजे हाताची सावली कामावर पडत नाही. त्या एलईडी आहेत. जुन्या चोकवाल्या ट्यूबच्या लुकलुकण्यात फिरणारं यंत्र कधी कधी थांबल्यासारखं दिसतं, आणि माणूस बोट पुढे करतो. विजेची लाइन स्वतंत्र घेतली आहे, तिला 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे वीजगळती झाली की लाइन तोडणारा स्विच. हत्यारांच्या पेटीत कापराच्या वड्या. गंज धरू नये म्हणून.

[दृश्य: खंडेनवमी. व्हाइसला झेंडूची माळ. रंधा, पटाश्या, मायक्रोमीटर पाटावर मांडलेले. नात हळद-कुंकू लावतेय. काका मायक्रोमीटर पुन्हा सरळ करून ठेवतात. निवेदन नाही, फक्त आवाज.]

[दृश्य: रस्त्यावर उभी कार, आच्छादन घातलेली.]

गाडी आता रस्त्यावर असते. समोरच्यांची त्याबद्दल तक्रार आहे. कारखान्यातल्या आवाजानं काकांना एका कानानं कमी ऐकू येतं, त्यामुळे ग्राइंडर किती वाजतो याचा त्यांना अंदाज नसतो. शेजारचा प्लॉट बिल्डरकडे गेला, याही बंगल्याची बोलणी सुरू आहेत. नव्या इमारतीत गॅरेज नसेल, पार्किंग असेल. बोल्ट सोडले की बेंचचे पाच भाग होतात: माथा, दोन चौकटी आणि दोन पट्ट्या.

[दृश्य: रविवार. शटर पूर्ण वर. दोन-तीन मुलं, एक मोडकं स्टूल, मिक्सरचं भांडं.]

रविवारी मात्र शटर वर गेलं की गल्लीतली माणसं आपापलं काहीतरी घेऊन येतात. स्टुलाचा पाय, मिक्सरच्या भांड्याचं कपलिंग, अडकलेलं कुलूप. काका स्वतः करून देत नाहीत. कानस हातात देतात आणि बाजूला उभे राहतात. आमच्या मते या चित्रफितीतलं सगळ्यात मोलाचं काम हे आहे, आणि ते एकट्या काकांनी करू नये. ज्या शहरानं या माणसांकडून चाळीस-चाळीस वर्षं मायक्रॉनमध्ये काम करून घेतलं, त्या शहरातल्या प्रत्येक नव्या सोसायटीत क्लबहाउस असतं, जिम असते, एक बेंच आणि एक व्हाइस मात्र नसतो. जागा लागते सहा फूट बाय दोन फूट.

[दृश्य: नात पितळेच्या चौकोनावर कानस मारतेय. व्हाइसच्या जबड्यांवर ॲल्युमिनियमचे तुकडे.]

नात आठवीत आहे. पितळ मऊ, जबड्याचे दात उमटू नयेत म्हणून वर ॲल्युमिनियम. कानस पुढे जाताना दाबायची, मागे आणताना सैल सोडायची. ती कोपऱ्याला गुण्या लावते, ट्यूबकडे धरून बघते आणि काकांपुढे करते.

[काकांचा आवाज:] "काय दिसतंय?"

[नातीचा आवाज:] "बरोबर आहे की, आबा."

[काकांचा आवाज:] "खालून बघ. उजेड येतोय तिथून."

[नातीचा आवाज:] "एवढासा?"

[काकांचा आवाज:] "एवढासाच काढायचा असतो. घास."