बुरशीचा रंग आणि आपली प्रतिकारशक्ती

श्रोतेहो, ज्या कारळ्यांची चटणी आपण कोल्हापुरात भाकरीबरोबर आवडीने खातो, त्याच कारळ्यांचा अर्क प्रयोगशाळेत एक घातक बुरशी ओळखण्यासाठी वापरला जातो. १९६२ मध्ये श्टाइब या जर्मन संशोधकाने दाखवून दिले की, कारळ्यांचा अर्क घातलेल्या अगारवर, म्हणजे बुरशी वाढवण्याच्या जेलीसारख्या माध्यमावर, क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स या घातक बुरशीच्या वसाहती तपकिरी होतात, तर कँडिडा या दुसऱ्या बुरशीच्या वसाहती पांढरटच राहतात. कारळ्यांतील कॅफेइक आम्लावर या बुरशीचे लॅकेज नावाचे विकर काम करते आणि त्यातून मेलॅनिन हे गडद रंगद्रव्य तयार होते. पारव्यांच्या विष्ठेत सापडणारी ही बुरशी श्वासावाटे फुप्फुसात शिरते आणि प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णांत मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचते. लॅकेज निकामी केलेले तिचे वाण उंदरांत बरेच सौम्य ठरतात. म्हणजे हा रंग बुरशीची शोभा वाढवण्यासाठी नाही.

तो नेमके काय करतो, हे ॲस्परजिलस फ्युमिगेटस या दुसऱ्या बुरशीच्या उदाहरणातून सर्वांत स्पष्ट दिसते. तिचे राखाडी-हिरवे बीजाणू जेमतेम २ ते ३ मायक्रोमीटरचे असल्यामुळे थेट वायुकोशांपर्यंत जातात आणि तेथील भक्षकपेशी त्यांना गिळतात. गिळलेला बीजाणू पेशीच्या आत पटलाच्या पिशवीत कोंडला जातो. मग त्या पिशवीत ऑक्सिजनची दाहक संयुगे सोडली जातात, आम्लता वाढवली जाते आणि पाचक विकरे ओतली जातात. मेलॅनिन ती दाहक संयुगे शोषून घेते, हे बऱ्याच काळापासून माहीत होते. परंतु ढालीची ही कल्पना अपुरी होती. रंगाचे जनुक बिघडवलेले पांढरे बीजाणू गिळले गेल्यावर पिशवी नीट आम्लधर्मी होते, रंगीत बीजाणूंच्या बाबतीत मात्र ती पुरेशी होत नाही; तेव्हा मेलॅनिन केवळ मार सोसत नाही, तर मारणाऱ्या यंत्रणेतच हस्तक्षेप करते, असे मानणे भाग पडले.

हा हस्तक्षेप कसा होतो, हे २०१६ आणि २०१८ मध्ये क्रीट बेटावरील संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या कामातून उलगडले. गिळलेल्या बीजाणूचा पुढचा निकाल लावण्यासाठी पिशवीभोवती एलसी-३ हे प्रथिन जमावे लागते आणि त्यासाठी कॅल्शियमचा संकेत लागतो. बीजाणूवरील मेलॅनिन पिशवीतले कॅल्शियम स्वतःला बांधून ठेवते, त्यामुळे तो संकेतच पुढे जात नाही. जिवंत बुरशीला त्यासाठी वेगळे श्रम करावे लागत नाहीत. नुसत्या रासायनिक बंधाने पेशीचा निरोप अडतो, ही गोष्ट मला या साऱ्या विषयातली सर्वांत विलक्षण वाटते. पुढे बीजाणू फुगून अंकुरू लागला की रंगाचा थर सुटतो आणि भिंतीतले बीटा-ग्लुकान हे शर्करांचे संयुग उघडे पडून शरीराला शत्रूची ओळख पटते; पण ज्यांच्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशी घटलेल्या असतात, त्यांच्यात तोवर कवकतंतू ऊतीत घुसू लागलेले असतात.

येथे २०२१ मधील तथाकथित काळ्या बुरशीचा खुलासा करायला हवा. त्या आजारात, म्हणजे म्युकरमायकोसिसमध्ये, टाळूवर किंवा नाकात दिसलेला काळेपणा मेलॅनिनचा नव्हता. बुरशीने रक्तवाहिन्या बंद केल्यामुळे मेलेल्या ऊतीचा तो रंग होता. खरोखर काळ्या बुरशा आपल्या शिवारात आहेत. ऊसतोडीच्या वेळी पाते डोळ्याला लागून बुबुळावर व्रण होतो, तेव्हा कधी कर्व्ह्युलॅरियासारखी रंगीत बुरशी निघते आणि व्रणावर तपकिरी-काळी खपली दिसते. अशा डोळ्यात कोणाच्या सांगण्यावरून स्टेरॉइडचे थेंब घालणे म्हणजे उरलीसुरली प्रतिकारशक्तीही दाबून टाकणे होय. अनवाणी चालणाऱ्या शेतकऱ्यांच्या पायात गाठी करणाऱ्या मॅड्युरेला या बुरशीचे काळे दाणे तर मेलॅनिनने घट्ट झालेले असतात, आणि हे मेलॅनिन इट्राकोनॅझोलसारख्या बुरशीनाशक औषधाचाही प्रभाव कमी करते.

तरीही शरीर या रंगापुढे अगदीच आंधळे नाही. २०१८ मध्ये मेलेक हा ग्राही, म्हणजे पेशीवरचे ओळख पटवणारे प्रथिन, सापडला, जो ॲस्परजिलसच्या बीजाणूंवरचे मेलॅनिनच ओळखतो. ज्या उंदरांत तो नाही, ते संसर्गाला लवकर बळी पडतात. माणसात या ग्राहीच्या जनुकात एका अक्षराचा फरक आढळतो, आणि मूलपेशी देणाऱ्या दात्यात तो फरक असेल, तर प्रत्यारोपणानंतर रुग्णाला ॲस्परजिलसचा संसर्ग होण्याचा धोका वाढतो, असे त्याच अभ्यासात दिसून आले.