काल रात्री टांगलेलं दही

नमस्कार श्रोतेहो.

काल रात्री भांडी आवरून झाल्यावर मी अर्धा किलो दही पंचाच्या स्वच्छ फडक्यात बांधलं आणि ओट्यावरच्या खुंटीला टांगलं. खाली एक पातेलं ठेवलं. सकाळी पाहिलं तर पातेल्यात हिरवट-पिवळी निवळी साठली होती आणि फडक्यात घट्ट, पांढराशुभ्र चक्का तयार होता. आमची न्याहारी तिथेच निम्मी झाली. उरलेल्या निम्म्या कामाला दहा मिनिटं लागतात. त्या दहा मिनिटांबद्दल आज बोलायचं आहे.

करायचा आहे टोस्ट. टोस्ट म्हटलं की आपल्याकडे आधी आठवतो तो चहात बुडवायचा, बेकरीतला कडक टोस्ट. तो नव्हे. इथे ब्रेडचा स्लाइस तुपावर खरपूस भाजायचा, त्यावर गार चक्का लावायचा आणि त्यावर ताजं फळ मांडायचं. खायला श्रीखंडाच्या जवळचं, पण करायला पोह्यांपेक्षाही सोपं.

सकाळी सकाळी गोड कसं खायचं, असं काही जणांना वाटेल. पण आठवून बघा. गूळ-तूप-पोळी आपण कधी खात होतो? शाळेत जायच्या आधी. रात्रीची पोळी, वर तूप, किसलेला गूळ, गुंडाळी करून हातात. घाईच्या दिवशी केळ्याचं शिकरण आणि पोळी. घरी दूध भरपूर असेल तर साय-साखर. झटपट, गोड आणि पोटभर न्याहारी आपल्या घरात होतीच. मी फक्त पोळीच्या जागी ब्रेड घेतला, सायीच्या जागी चक्का, आणि गुळाचं बरंचसं काम फळावर सोपवलं.

आणि फळ आहे म्हणूनच हा विषय मी आत्ता, फेब्रुवारीत काढला. महाबळेश्वर, पाचगणी, भिलार या पट्ट्यात स्ट्रॉबेरी जोरात आहे. डिसेंबरपासून सुरू झालेला हा हंगाम उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो. वाई सोडून पसरणीचा घाट चढलात की वर रस्त्याच्या कडेला शेतं दिसतात. उंच गादीवाफे, त्यावर मल्चिंगचा, म्हणजे माती झाकायचा प्लास्टिकचा कागद, कागदाला भोकं पाडून लावलेली रोपं आणि कागदावर टेकलेली लाल फळं. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. परदेशातून विमानानं येणाऱ्या महागड्या बेरींच्या डब्या आता शहरातल्या दुकानांत दिसतात. माझं मन मात्र आदल्या दिवशी तोडून आपल्या घाटावरून खाली आलेल्या फळाकडेच ओढ घेतं.

स्ट्रॉबेरी घेताना एक गोष्ट कायम ध्यानात ठेवा. आंबा, केळी, चिकू घरी आणून पिकवता येतात. स्ट्रॉबेरी पिकवता येत नाही. झाडावरून तोडली त्या क्षणी तिची गोडी जेवढी असेल तेवढीच. पांढऱ्या खांद्यांचं फळ घरी ठेवून एखाद्या वेळी लाल दिसेलही, पण गोड होणार नाही. एकदा मी घाटात दोन पनेट, म्हणजे स्ट्रॉबेरीचे छोटे प्लास्टिकचे डबे, घेतले होते. वरचा थर सुरेख लाल होता. घरी येऊन उघडले तर खालच्या थरातली निम्मी फळं पांढरी, कडक, आंबट. मुलीनं एक चावून बाजूला ठेवलं आणि पुन्हा हात लावला नाही. मला फार वाईट वाटलं, कारण ते तिचं त्या हंगामातलं पहिलंच फळ होतं. तेव्हापासून पनेट उलटा करून तळ बघितल्याशिवाय मी घेत नाही. आणि वास घेते. पिकलेल्या स्ट्रॉबेरीचा वास डबी बंद असतानाही येतो.

घरी आणल्यावर लगेच धुऊ नका. ओली स्ट्रॉबेरी रात्रीत बुरशी धरते. खायच्या वेळी देठासकट धुवायची, फडक्यावर टिपायची आणि मग देठ काढायचा. आधी देठ काढून धुतलीत तर पाणी आत शिरतं आणि चव फिकी पडते.

आता लिहून घ्यायचं असेल तर घ्या. चार टोस्टसाठी दहा-बारा मध्यम स्ट्रॉबेरी. उभ्या चार फोडी करायच्या, त्यावर दोन चमचे साखर आणि चिमूटभर मीठ घालून हलक्या हातानं कालवायचं. पुन्हा सांगते: दहा-बारा स्ट्रॉबेरी, दोन चमचे साखर, चिमूटभर मीठ. वाटी बाजूला ठेवून द्या. साखर फळातलं पाणी बाहेर ओढते. दहा मिनिटांत वाटीच्या तळाशी लाल, पातळ पाक दिसायला लागतो. आच नाही, ढवळणं नाही. हा पाक म्हणजे या टोस्टचा जीव. मला त्यात दोन दाणे ताजी भरडलेली मिरी आवडते. मुलांच्या टोस्टवर घालत नाही.

फळ मुरतं आहे तोवर चक्का फेटून घ्या. वाटीभर चक्का, दोन चमचे पिठीसाखर, थोडी वेलचीपूड. श्रीखंडाइतकी साखर इथे नको. चक्क्याची थोडी आंबट चव राहिलीच पाहिजे, तिच्याशेजारीच फळाची गोडी कळते. दही आंबट झालं असेल तर मात्र हे करू नका, त्याची कढी करा.

मग ब्रेड. इथे थोडं थांबते, कारण बहुतेक घरांत टोस्ट बिघडतो तो इथेच. स्लाइस जाड हवा, बोटभर. बेकरीतून अख्खा ब्रेड आणून घरी कापलात तर उत्तम. पातळ स्लाइस फळाच्या वजनानं मोडतो. गोव्यात असाल तर पोई, म्हणजे तिथला कोंड्याचा गोल पाव, आडवी चिरून घ्या, तिच्या कोंड्याची चव फळाबरोबर छान लागते. लोखंडी तवा मध्यम आचेवर तापवा. ब्रेड आधी कोरडाच ठेवा, दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा मिनिट. पृष्ठभागावरचं पाणी गेल्याशिवाय ब्रेडला तांबूस रंग चढत नाही. मग चमचाभर साजूक तूप तव्यावर सोडा आणि स्लाइस त्यावर फिरवा. आच वाढवू नका. तुपाचा वास बदलतो, कडेचे बुडबुडे बारीक होतात, उलथन्यानं ठोकलं तर ठक्क असा आवाज येतो. तेव्हा उलटा. पोळीवर जे तपकिरी डाग पडतात ना, तेच इथे चालू असतं. पिठातली प्रथिनं आणि साखर उष्णतेनं एकमेकांशी जुळतात आणि तो खरपूस वास तयार होतो.

झाला टोस्ट की ताटलीत आडवा टाकू नका. खालून वाफ निघते, ताटलीवर जिरते आणि ती बाजू मऊ पडते. दोन टोस्ट एकमेकांना टेकवून तंबूसारखे उभे करा. दोन मिनिटं. वाफ निघून गेली की कुरकुरीतपणा टिकतो. आणि गरम ब्रेडवर चक्का लावला तर तो पातळ होऊन ओघळतो. मी पहिल्यांदा केला तेव्हा दही बांधायला विसरले होते, तसंच साधं दही गरम ब्रेडवर घातलं. दोन मिनिटांत ब्रेडचा लगदा झाला होता. तूप इथे चवीपुरतं नाही, ते ओल अडवतं. तुपाचा थर असलेला स्लाइस चक्क्याखाली बराच वेळ तग धरतो.

आता रचायचं. कोमट टोस्ट, त्यावर दोन मोठे चमचे चक्का, चमच्याच्या पाठीनं मधोमध थोडा खळगा. खळग्यात स्ट्रॉबेरीच्या फोडी आणि अगदी शेवटी, खायला घेताना, वरून पाक. पाक आधी घालून ठेवायचा नाही. पहिला घास घेतला की खाली कुरकुरीत गरम, मध्ये गार आणि आंबटसर, वर रसाळ. घरातले सगळे दोन मिनिटं गप्प होतात.

स्ट्रॉबेरी मिळत नसेल त्यांच्यासाठी अंजीर. पुरंदरचं अंजीर. सासवडच्या बाजूला अंजिराचे दोन बहार, म्हणजे फळांचे हंगाम: थंडीत खट्टा बहार येतो आणि उन्हाळ्यात मीठा बहार. नावाप्रमाणेच दुसरा जास्त गोड. पिकलेलं अंजीर बोटाला लिबलिबीत लागतं, सालीला बारीक चिरा पडलेल्या असतात आणि ते दुसऱ्या दिवसापर्यंत थांबत नाही. म्हणून सकाळी आणायचं आणि सकाळीच खायचं. त्याला साखर लावू नका. चार फोडी करून चक्क्यावर ठेवा, वर थोडा मध आणि भाजलेल्या तिळाची चिमूट. मला विचाराल तर स्ट्रॉबेरीपेक्षाही मला हा टोस्ट प्रिय आहे. पण अंजिराचे दिवस थोडे, म्हणून आधी स्ट्रॉबेरीचं सांगितलं.

एप्रिल-मेमध्ये अर्थात हापूस. फोडी जाड ठेवा, चक्क्यात केशराच्या दोन काड्या, साखर जवळजवळ नाहीच. बारमाही म्हणाल तर केळं. त्याच्या चकत्या तुपाच्याच तव्यावर गूळ भुरभुरून मिनिटभर परतल्या की शिकरणाची आठवण येते.

अननस मात्र कच्चा वापरू नका. ताज्या अननसात प्रथिनं फोडणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. चक्क्याला लागलं की थोड्या वेळात चक्का पातळ आणि कडवट होतो. शिऱ्यात अननस चालतो, कारण तिथे तो शिजतो आणि उष्णतेनं ते विकर निकामी होतं. टोस्टवर हवाच असेल तर फोडी साखरेत पाच मिनिटं शिजवून, गार करून घ्या.

बऱ्याच जणींचा प्रश्न असतो, डब्यात देता येईल का? एकत्र रचून नको. तीन कप्प्यांच्या डब्यात वेगवेगळं द्या: टोस्ट कागदी रुमालात, चक्का छोट्या घट्ट झाकणाच्या डबीत, फळ तिसऱ्या कप्प्यात. मुलं मधल्या सुट्टीत आवडीनं रचून खातात. आमच्या घरी तर आता चक्का लावायचं काम मुलगी मला करूच देत नाही.

आणि हो, पातेल्यात साठलेली ती निवळी ओतून देऊ नका. दुपारच्या पोळ्यांची कणीक तिच्यात भिजवा, पोळ्या मऊ होतात. आज आमच्याकडे तसंच होणार आहे. आज रात्री तुम्हीही दही टांगून ठेवा.

नमस्कार.