बाळाचा पहिला नाताळ आणि फिल्मची डबी

(भुसावळच्या एका महिला मेळाव्यात डिसेंबरमध्ये केलेलं भाषण. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)

सलाम. आणि मागे बसलेल्या आजींना राम राम. त्या शेजारच्या गल्लीतून खास ऐकायला आल्या आहेत.

मला सांगितलं, ‘सिस्टर, बाळाला नाताळची भेट काय द्यावी यावर बोला.’ माझी सगळी नोकरी लहान मुलांच्या वॉर्डात गेली. त्यामुळे खेळणं बघितलं की त्याचा रंग दिसायच्या आधी ते कुठे अडकेल तेच मला दिसतं. माझी नातवंडं म्हणतात, आजीसोबत खेळण्यांच्या दुकानात जायचं नाही. तुम्हीही आज जरा सोसा.

ही काळी डबी ओळखली का? कॅमेऱ्याचा रोल यात यायचा. आता घरोघरी यात सेफ्टी पिना असतात. हातोहात फिरवा. तोंड तीन सेंटिमीटरच्या थोडं वर आहे. खेळणी तपासायच्या प्रयोगशाळेत असंच एक नळकांडं असतं, 31.7 मिलिमीटर रुंद. जी वस्तू, किंवा खेळण्याचा सुटलेला जो तुकडा, त्यात पूर्ण मावतो, तो तीन वर्षांखालच्या मुलासाठी धोक्याचा. प्रयोगशाळा आपल्याकडे नाही, डबी आहे.

या समोरच्या ताईंचं बाळ किती महिन्यांचं? सात? बघा, त्याचा पाय आत्ता कुठे आहे? तोंडात! या वयात सगळी लेकरं असंच करतात. आमच्या शेजारीण काकू अहिराणीत म्हणतात, ‘बठ्ठं तोंडमा घालस.’ आता त्याच्या वाळ्याकडे बघा. चांदीचे आहेत, आणि घुंगरू किती सुंदर वाजतात. जळगावचा सराफा जवळ असला की मामाला वाळ्यांशिवाय दुसरं काही सुचत नाही. पण घुंगराची कडी केसासारखी बारीक असते आणि बाळाला दोन दात आले की ती ओढून निघते. ताई, एक घुंगरू डबीत टाकून दाखवा... ऐकलंत? टिंग. मावलं. वाळे द्याच, मी चांदीच्या विरोधात नाही, पण सराफाला सांगा, घुंगरू नको, साधे गोल द्या. दादा हसतील. हसू द्या.

शेंगदाणाही त्याच डबीत बसतो. नाताळच्या दिवशी घरात फराळाची ताटं जमिनीवरच असतात, आणि रांगणाऱ्या बाळाची नजर आपल्यापेक्षा खाली असते. तेवढं लक्षात ठेवा. एक वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही, केकमधलाही नाही. मधातल्या जंतूंमुळे तान्ह्या बाळाला लकव्यासारखा आजार होऊ शकतो.

डिसेंबरात चौकाचौकात लुकलुकणाऱ्या लाल टोप्या विकायला येतात. टोपीच्या गोंड्यात दिवा असतो, आणि दिव्याच्या खाली रुपयासारखा चपटा सेल. वॉर्डात एक दहा महिन्यांची मुलगी आली होती. लाळ गळत होती, दूध घेत नव्हती. घरच्यांना वाटलं घसा धरला. एक्स-रे काढला तर अन्ननलिकेत गोल नाणं. पण नाण्याला कडेने दुहेरी रेघ होती, आणि ती बघून डॉक्टरांनी खुर्ची मागे सरकवली. रुपयाला तशी रेघ दिसत नाही, चपट्या सेलला दिसते. सेल ओला झाला की दोन तासांतही आतून भाजायला लागतो. लेकराला गाडीत घालून मोठ्या शहरात पाठवलं. वाचलं ते, पण पुढचे कित्येक महिने घास गिळताना रडायचं. टोपी आणणारी मावशी माझ्या टेबलासमोर उभी होती आणि मला म्हणाली, ‘सिस्टर, वीस रुपयांची होती हो.’ तेव्हापासून सेलवर चालणारं काही दिसलं की मी आधी उलटं करून बघते, झाकणाला स्क्रू आहे का. नुसतं नखाने उघडत असेल तर परत ठेवते.

बाजारातल्या खेळण्यावर आयएसआय खूण आहे का ते बघा. 1 जानेवारी 2021 पासून ती सक्तीची आहे. आठवडी बाजारात किलोवर मिळणाऱ्या प्लास्टिकवर ती नसते, आणि त्याचा वास हाताला दोन दिवस राहतो.

आता कपडे. इथे आपल्या आज्या एक चूक फार प्रेमाने करतात. ‘मोठंच घ्या, वाढतं लेकरू आहे.’ बाळ जन्मतं साधारण पन्नास सेंटिमीटरचं आणि वर्षाचं होईपर्यंत पंचाहत्तरला जातं, म्हणजे म्हणणं बरोबर. पण हिशोब भुसावळचा करा. ऑक्टोबरात जन्मलेल्या बाळाला तुम्ही सहा ते नऊ महिन्यांचा जाड स्वेटर दिलात, तर तो त्याच्या मापाला येईल एप्रिल-जूनमध्ये. तेव्हा पारा चव्वेचाळीसवर. स्वेटर पेटीत, पेटी माळ्यावर. द्यायचाच असेल तर आत्ताच्या मापाचा द्या, नाहीतर सरळ बारा-अठरा महिन्यांचा, म्हणजे पुढच्या डिसेंबरला उपयोगी पडेल. आणि त्याला गळ्याशी बांधायची दोरी नको, बटणंही नकोत. त्यापेक्षा मऊ सुती झबली चार, टोपरं एक. जुन्या सुती साडीची गोधडी तर उत्तमच, पण बाळाच्या अंगाखाली. वर्षाच्या आत पाळण्यात उशी, जाड पांघरूण, टेडी, काही ठेवायचं नाही. टेडी फार तर कपाटावर बसून राहू दे, आईला फोटो काढायला.

पांगुळगाडा आणि वॉकर एक नव्हेत, हेही सांगून टाकते. आपला लाकडी पांगुळगाडा बाळ स्वतः उभं राहिल्यावर धरून पुढे ढकलतं. वॉकरमध्ये त्याला बसवतात आणि ते पायाच्या बोटांनी सुसाट जातं, उंबऱ्यावरून, पायऱ्यांवरून, चुलीकडे. कॅनडाने 2004 मध्ये वॉकरच्या विक्रीवरच बंदी घातली. मी वॉकर भेट म्हणून कधीच देत नाही, आणि आला तर बदलून घ्या म्हणते.

मग द्यायचं काय? दोन महिन्यांच्या बाळाला वीस-तीस सेंटिमीटरवरचंच नीट दिसतं. म्हणजे दूध पाजताना आईचा चेहरा असतो तेवढ्यावर. त्याला काळ्या-पांढऱ्या ठळक चित्रांचं कापडी पुस्तक पुरे. पाच-सहा महिन्यांच्याला हातात मावेल पण डबीत मावणार नाही असा खुळखुळा. आठ-नऊ महिन्यांना मजा सुरू होते: वस्तू ओढणीखाली लपवली तरी ती आहे हे त्याला कळायला लागतं. त्याला एकात एक बसणाऱ्या स्टीलच्या चार वाट्या द्या. काढेल, घालेल, आपटेल. कान तुमचे जातील, पण खेळणं वर्षभर टिकेल आणि नंतर वरणालाही चालेल. मोबाइलसारखं वाजणारं काही नको, खरा मोबाइल तर नकोच. बालरोगतज्ज्ञांची भारतीय संघटनाही दोन वर्षांखाली स्क्रीन नको म्हणते.

ज्यांना पैसेच द्यायचेत त्यांच्यासाठी: मुलगी असेल आणि आईवडिलांनी सुकन्या समृद्धीचं खातं उघडलं असेल तर त्यात भरा. वर्षाला किमान अडीचशे रुपये. आजोबा, तुम्हीही भरू शकता.

मत्तयाच्या शुभवर्तमानात मागी लोक, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी, बाळ येशूसाठी सोनं, ऊद आणि गंधरस घेऊन येतात. लहानपणी मला वाटायचं, एकानेही झबलं आणलं नाही? आता वाटतं, त्यांची भेट बाळाला नव्हतीच. पुढे मरिया आणि योसेफाला बाळ घेऊन मिसरला पळावं लागलं. वाटेत सोनं नक्की कामी आलं असणार. हे माझं म्हणणं, पाळक साहेबांनी रागावू नये. म्हणून मी अलीकडे बाळाच्या आईला काय हवं ते आधी विचारते. मागच्या वर्षी भाचसुनेला विचारलं, तर म्हणाली, ‘आत्या, एक दुपार झोपू द्या.’ मी बाळ घेऊन चार तास अंगणात बसले. लंगोट दोन धुतले. तिने उठून जेवण केलं आणि पुन्हा झोपली.

काय म्हणता, मामाने काय द्यावं? साधे वाळे, सांगितलं ना. आणि 24 तारखेला रात्री कॅरोलवाले ढोलकी घेऊन येतील, तेव्हा मामाने बाळाला घेऊन मागच्या खोलीत थांबावं.

चहा आलाय वाटतं. जाता जाता ती डबी तेवढी माझी मला परत द्या, एकच उरली आहे.